अपशकुनाची किंमत कोण मोजतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



मुलचेऱ्यासारख्या गावातल्या माणसाने मासेमारांच्या होड्यांवरील शकुन-अपशकुनांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. समुद्र आमच्यापासून फार दूर. गडचिरोली जिल्हा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे जंगल उभे राहते. साग, मोह, तेंदू आणि बांबू. पण या जंगलाच्या पोटातून पाणीही भरपूर वाहते. वैनगंगा उत्तरेकडून येते, चपराळ्याजवळ तिला वर्धा भेटते आणि पुढे दोघी मिळून प्राणहिता या नावाने गोदावरीकडे निघतात. आमच्या भागातून दिना नदी जाते, तिच्यावर रेगडीला धरण आहे. गावोगावी मामा तलाव आहेत, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव. जिथे पाणी तिथे मासोळी, आणि जिथे मासोळी तिथे ढिवर, भोई, केवट. त्यांचा डोंगा आला की शकुन-अपशकुन आलेच.

आमच्याकडे त्यात आणखी एक भर पडली. १९६० नंतरच्या काळात पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेली बंगाली कुटुंबे सरकारने तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या या जंगलपट्ट्यात वसवली. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ती आमच्या जिल्ह्यात आली. ही माणसे नद्यांच्या देशातली. पावसाळ्यात शेजारच्या पाड्यावर जायचे तरी त्यांना नाव लागायची. इथे येऊन त्यांनी धान लावले, घराशेजारी तळी खणली, तळ्यांत मासे सोडले. येताना फार सामान आणता आले नव्हते. पाण्याविषयीच्या समजुती मात्र बरोबर आल्या, कारण त्यांना गाठोडे लागत नाही.

माझ्या घरात दखनी उर्दू बोलतात, मी लिहितो मराठीत आणि शेजारी बंगाली बोलतात. कविता लिहिणाऱ्या माणसाचे कान शब्दांकडे लागलेले असतात. ज्याच्या येण्याने काम बिघडते असे लोक मानतात, त्या माणसासाठी या तिन्ही भाषांत शब्द तयार आहे. मराठीत अपशकुनी, पांढऱ्या पायाची. उर्दूत मनहूस. बंगालीत अपया. आमच्या बाजारात हे तिन्ही शब्द एकाच सकाळी कानांवर पडतात, आणि बहुतेक वेळा ते एखाद्या बाईविषयी असतात. आजचे माझे बोलणे या शब्दांविषयी आहे, आणि ते ज्यांच्या वाट्याला येतात त्यांच्याविषयी.

डोंग्यावरचे नियम मी लहानपणापासून ऐकत आलो. नवा डोंगा पाण्यात सोडायचा तर आधी हळद-कुंकू आणि नारळ. निघालेल्या माणसाला ‘कुठे चाललास?’ असे विचारायचे नाही, मागून हाक मारायची नाही. रिकामी घागर आडवी आली तर थोडे थांबायचे, भरलेली आली तर चांगले. पसरलेले जाळे ओलांडायचे नाही. आज किती मासे मिळतील हे आधी बोलून दाखवायचे नाही. इथपर्यंतचे नियम ऐकताना गंमत वाटते. पुढचे दोन नियम मात्र तसे नाहीत. बाईने डोंग्याला पाय लावायचा नाही, आणि विधवेचे तोंड पाहून पाण्यावर जायचे नाही. जाळे रिकामे आले की एखादा म्हातारा ढिवर कपाळाला हात लावून विचारतो, ‘‘आज सकारी कोनाचं तोंड पाह्यलं होतं, बाप्पा?’’ आणि मग कोणाचे तरी तोंड आठवतेच.

या माणसाला हसू नये, हे मला प्रथम सांगायचे आहे. आपण कोरड्या जमिनीवर बसून शहाणपण सांगतो. पण परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दही-साखर आपणच ठेवतो. ट्रकला लिंबू-मिरची आपणच बांधतो. क्रिकेटचा सामना रंगात आला की ‘जागेवरून उठू नकोस, विकेट जाईल’ असे घरातल्या शिकलेल्या माणसांनाच म्हणताना ऐकू येते. दुकानदार बोहनी उधारीवर करत नाही. ज्या कामाचे फळ आपल्या हातात नसते, त्या कामाभोवती माणूस असे कुंपण घालतो.

ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की नावाचे एक मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले होते. तिथले लोक दोन प्रकारे मासेमारी करत. एक बेटाच्या आतल्या उथळ, शांत पाण्यात आणि दुसरी उघड्या समुद्रात. आतल्या पाण्यात मासे हमखास मिळत, जिवाला धोका नसे. तिथे ते लोक मंत्रतंत्राच्या वाटेला जात नसत. उघड्या समुद्रात मात्र काय मिळेल आणि परत येऊ की नाही, दोन्हींचा भरवसा नसे. तिथे प्रत्येक पावलाला मंत्र आणि विधी होते. माणसे तीच, बुद्धी तीच. फक्त पाणी बदलले. म्हणजे अपशकुनाचा जन्म मूर्खपणातून होत नाही, भीतीतून होतो. आमच्याकडे ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून, कमरेपर्यंत पाय पाण्यात सोडून जाळे टाकणारा माणूस मी पाहतो. त्याला भीती वाटू नये, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आणि या भीतीतून काही सुंदर गोष्टीही निर्माण झाल्या आहेत. कोकणातले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, मासे अंड्यावर असतात. त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि पौर्णिमेला पूजा करून मगच पाण्यात घालायच्या, या रिवाजात माणसाचा जीवही वाचतो आणि माशाची वीणही. नारळाच्या आत जसे पाणी, तसे काही रिवाजांच्या आत ज्ञान असते.

बंगालच्या नावाड्यांची गोष्ट मला तर फार जवळची वाटते. पूर्व बंगालच्या मोठ्या नद्यांवर वादळ उठले की नावाडी पीर बदरचा धावा करत. हे चितगावचे सूफी संत. त्यांच्याबरोबर पाच पिरांचे आणि गंगेचेही नाव घेतले जाई, आणि ते घेताना नावाडी हिंदू आहे की मुसलमान हे कोणी पाहत नसे. मुर्शिदाबादला भाद्रपदात ख्वाजा खिज्र यांच्या नावाने दिव्यांनी सजवलेला तराफा नदीत सोडतात. मुलचेरा तालुक्यातल्या बंगाली वस्त्या हिंदू निर्वासितांच्या आहेत. धर्माच्या नावाने झालेल्या फाळणीत त्यांची घरे गेली. तरीही त्यांच्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले होते, ‘‘दादा, पाण्यात पडलेला माणूस हात कोणाचा आहे ते विचारत नाही.’’ अशा श्रद्धेला नावे ठेवायला माझी जीभ धजत नाही. तिने कोणाचे काही हिरावून घेतले नाही. एक नारळ गेला, चार दिवे पाण्यावर वाहून गेले, मनाला धीर आला.

म्हणून शकुन-अपशकुनांकडे पाहताना मी स्वतःपुरता एक प्रश्न ठरवला आहे. ही समजूत खरी की खोटी, हा वाद विद्वानांनी घालावा. मी एवढेच विचारतो, की या समजुतीची किंमत कोण मोजतो? ज्याला भीती वाटते तो स्वतःच्या खिशातून मोजत असेल, तर ते त्याचे त्याला. पण भीती एकाची आणि किंमत दुसऱ्याने मोजायची, असे असेल तर गप्प बसता येणार नाही.

अपशकुनी कोण, हे मुलखामुलखाप्रमाणे कसे बदलते तेही पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे मांजर आडवे गेले की माणूस थांबतो. युरोपातल्या जहाजांवर मांजर मुद्दाम पाळत आणि शुभ मानत, कारण ते उंदीर मारून धान्य आणि दोरखंड वाचवते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे जुने मासेमार होडीकडे जाताना चर्चचे धर्मगुरू भेटले तर अपशकुन मानून परत फिरत. होडीवर त्यांचे नावही घेत नसत, आणि डुकराचेही. आपल्याकडे प्रवासाला निघताना साधुपुरुष भेटला तर माणूस धन्य होतो! एकाचा शुभशकुन दुसऱ्याचा अपशकुन असेल, तर दोष समोर आलेल्याच्या अंगात कसा असेल? तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच असला पाहिजे.

हा दोष डोळ्यांत कसा शिरतो, याचा एक प्रयोग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी केला. १९४८ साली तो प्रसिद्ध झाला. भुकेल्या कबुतरांना पिंजऱ्यात ठेवून त्यांनी ठराविक वेळाने आपोआप दाणे येतील अशी व्यवस्था केली. कबुतराने काहीही केले, काहीही न केले, तरी दाणे वेळेवर येणारच होते. पण दाणे आले त्या क्षणी एखादे कबुतर गिरकी घेत होते, एखादे कोपऱ्यात मान घालत होते. त्यांना वाटले, आपण हे केले म्हणून दाणे आले! आठांपैकी सहा कबुतरे आपापली हालचाल पुन्हा पुन्हा करू लागली. हजारो वर्षे माणूस पक्ष्यांवरून शकुन काढत आला. इथे पक्षीच शकुन मानू लागले. आपल्या डोंग्यावरही हेच घडते. जाळे रिकामे आले त्या दिवशीचे तोंड लक्षात राहते. जाळे फाटेपर्यंत मासे आले त्या दिवशी सकाळी कोण भेटले होते, हे कोणी विचारत नाही. विधवा बाई तर रोज सकाळी पाणी भरायला त्याच वाटेने जाते. भरलेल्या जाळ्याच्या दिवशीही ती भेटलेली असतेच. पण त्या दिवसाचे श्रेय तिला कोणी देत नाही.

आता जिथे ही किंमत फार जड होते, तिथल्या गोष्टी सांगतो. आमच्या बंगाली शेजाऱ्यांपैकी काहींचे मूळ खुलना भागातले. त्याला लागूनच सुंदरबन आहे. तिथे मासे, खेकडे आणि मध आणायला माणसे नावेतून वाघाच्या जंगलात जातात. जाण्याआधी बनबीबीचे नाव घेतात. हिंदूही घेतात, मुसलमानही. नवरा जंगलात असेतो घरी बायकोने काय करायचे नाही, याचे जुने नियम आहेत. केस विंचरायचे नाहीत, तेल लावायचे नाही, साबणाने कपडे धुवायचे नाहीत, मिरच्या तळायच्या नाहीत. नवरा जिवंत असताना तिने विधवेसारखे राहायचे. आणि तरीही वाघाने नवऱ्याला नेले तर? लोक म्हणतात, हिनेच काहीतरी मोडले असणार. अशा बायकांना तिकडे ‘बाघ-बिधवा’ म्हणतात. नवऱ्याला वाघाने खाल्ले, पण ‘नवऱ्याला खाल्ले’ हा ठपका बाईवर येतो. कित्येकींना सासरी थारा मिळत नाही. वाघ, गरिबी आणि पोटासाठी धोक्याच्या पाण्यात जाण्याची सक्ती ही कारणे डोळ्यांसमोर असतात. बोट मात्र तिच्याकडे दाखवले जाते.

दुसरे टोक केरळचे. तकळी शिवशंकर पिळ्ळे यांची ‘चेम्मीन’ ही १९५६ची मल्याळम कादंबरी अनेकांना ठाऊक असेल. तिच्यावर रामू करियात यांनी १९६५ साली काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. समुद्रावर गेलेल्या मासेमाराचा जीव त्याच्या घरी बसलेल्या बायकोच्या शीलावर अवलंबून असतो, ही समजूत त्या कथेच्या मुळाशी आहे. विचार करा, वादळ समुद्रात, होडी समुद्रात, वल्हे नवऱ्याच्या हातात आणि जबाबदारी मात्र किनाऱ्यावरच्या बाईवर! त्याच केरळात २०१७ साली त्रिशूर जिल्ह्यातल्या के. सी. रेखा यांचा कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सत्कार केला. होडीवर मजूर लावणे परवडेना, म्हणून त्या नवऱ्याबरोबर स्वतः खोल समुद्रात जाऊ लागल्या. बाईने होडीवर पाय ठेवला म्हणून समुद्र कोपला नाही. घरात चूल पेटली, मुली शिकल्या.

आमच्याकडचे चित्र याहून वेगळे नाही. इथल्या एका गावातली एक बाई मी गेली कित्येक वर्षे बाजारात पाहतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण तसे गाव एकच नाही. नवरा मलेरियाने गेला. पदरात दोन मुले. पहाटे डोंगे निघायच्या वेळी तिने नदीच्या वाटेवर यायचे नाही, हा गावाचा अलिखित कायदा. ती मागच्या आळीत उजाडेपर्यंत थांबते. डोंगे परत आले की टोपली घेऊन येते. मग तेच मासे तिच्या टोपलीत पडतात. मरळ, वाम, शिंगाडा, झिंगे, जे असेल ते घेऊन ती बाजारात बसते, दुपारपर्यंत उन्हात ओरडून विकते आणि संध्याकाळी हिशोब चुकता करते. तिचे तोंड अशुभ, पण तिच्या हाताने आलेला पैसा शुभ! एकदा मी तिला विचारले, ‘‘बाई, वाईट नाही वाटत?’’ ती मासे साफ करता करता म्हणाली, ‘‘भाई, वाईट वाटून घ्याले टाइम लागते.’’ मला त्यावर काही बोलता आले नाही.

तिची खरी मागणी वेगळीच आहे. गावच्या मच्छीमार संस्थेत नवऱ्याच्या जागी आपले नाव लागावे आणि तलावाच्या मासोळीत आपला हिस्सा मिळावा, असे तिला वाटते. पण हिस्सा हवा तर तलावावर यावे लागते, आणि तलावावर यायचे तर अपशकुन आडवा येतो. अपशकुनाचा हा उपयोग लक्षात घ्या, श्रोतेहो. एक समजूत सांभाळली की एक वाटेकरी कमी होतो.

मी मुसलमान घरात वाढलो. अपशकुन आमच्या घरांतही कमी नाहीत. सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस, ज्याला आमच्याकडे ‘तेरातेजी’ म्हणतात, त्या दिवसांत लग्नकार्य करायचे नाही, नवे काम काढायचे नाही, असे मी आजीकडून ऐकले. पुढे वाचायला लागल्यावर कळले, की पैगंबरांनी अपशकुन मानणे स्पष्ट शब्दांत नाकारले आहे. त्यासाठीचा अरबी शब्द ‘तियरा’ हा पक्ष्यावरूनच आलेला. अरब लोक पक्षी कोणत्या दिशेला उडाला यावरून प्रवासाचे ठरवत. पैगंबरांचा लहान मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, सूर्यही शोक करतो आहे. तेव्हा मुलाच्या दुःखात असलेल्या त्या बापाने लोकांना सांगितले, की सूर्य-चंद्राला कोणाच्या जन्ममरणासाठी ग्रहण लागत नाही. स्वतःच्या घरच्या दुःखालाही त्यांनी शकुनाचा आधार घेऊ दिला नाही.

आणि होडीवरच्या अपशकुनाची जगातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट तर कुराणातही आहे आणि बायबलमध्येही. आम्ही त्यांना हजरत यूनुस म्हणतो, ख्रिस्ती लोक योना म्हणतात. ते आपली कामगिरी टाकून माणसांनी भरलेल्या जहाजात बसले. जहाज संकटात आले. चिठ्ठ्या टाकल्या, त्यांचे नाव निघाले, त्यांना समुद्रात टाकले गेले आणि मोठ्या माशाने गिळले. या गोष्टीवरून इंग्रज खलाशी जहाजावरच्या अपशकुनी माणसाला ‘जोना’च म्हणू लागले. पण लोकांनी अर्धीच गोष्ट लक्षात ठेवली. पुढे माशाने त्यांना किनाऱ्यावर सोडले, ते एक लाखाहून अधिक वस्तीच्या नगरात गेले आणि त्यांच्या शब्दाने ते नगर वाचले. म्हणजे होडीने ज्याला बाहेर फेकले, तोच एका गावाचा तारणहार ठरला. आणखी एक फरक आहे. त्या जहाजावर निदान चिठ्ठ्या तरी टाकल्या होत्या. आपल्याकडे चिठ्ठी टाकायची तसदीही कोणी घेत नाही. विधवेचे नाव आधीच लिहिलेले असते.

जाळी रिकामी का येतात, याची कारणे शोधायची तर ती नदीवरच सापडतील. पावसाळ्यात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. वैनगंगेवर गोसीखुर्दचे मोठे धरण झाले, खाली ठिकठिकाणी बंधारे झाले, माशांची वाट अडली. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते. मच्छरदाणीच्या कापडाने मासे धरले की पिल्लेसुद्धा सुटत नाहीत. कोणी विष टाकतो, कोणी सुरुंग लावतो. मामा तलावांत गाळ साचला, काठाने बेशरम माजली. यांतल्या एकाही गोष्टीवर त्या बाईच्या तोंडाचा परिणाम होत नाही. उलट तिच्या तोंडाकडे बोट दाखवत बसल्यामुळे या गोष्टींकडे बोट दाखवायचे राहून जाते.

जानेवारी २०२४ मधली घटना आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूर रै इथल्या मजूर बाया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघाल्या होत्या. नाव उलटली आणि सहा जणी बुडाल्या. त्या बायका नावेत बसल्या होत्या त्या पोटासाठी. अशा नावेत प्रत्येकाच्या अंगावर तरंगणारे जाकीट हवे, नावेत किती माणसे बसावीत याचा हिशोब हवा, जवळ पूल हवा. हे नसणे हाच खरा अपशकुन. नारळ जरूर फोडा, पण नारळाबरोबर जाकीटही घ्या. पीर बदरचे नाव घेणाऱ्या नावाड्याच्या हातात वल्हेही असायचे.

कोणी म्हणेल, एका बाईला पहाटे वाटेवर येऊ दिले नाही, एवढ्यावर इतके बोलायचे कशाला? म्हणून सांगतो. ‘तुझ्यामुळे वाईट झाले’ हे वाक्य फार लांब जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात वणी खुर्द इथे जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारले. मे २०२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा इथे एका बाईला आणि एका पुरुषाला जाळून मारले. तोंड फिरवणे आणि काडी लावणे यांत अंतर खूप आहे, हे मी मानतो. पण वाट एकच आहे. त्या वाटेवरचे पहिले पाऊल म्हणजे आपल्या दुःखाचे कारण शेजाऱ्याच्या अंगात शोधणे.

महाराष्ट्राने यासाठी कायदा केला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षे झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी हा कायदा आला. एखाद्या व्यक्तीमुळे इतरांवर संकट येते असा आरोप करून तिचे जगणे अवघड करणे, हाही त्या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारने इतर गावांनाही तसे आवाहन केले. हेरवाड करू शकते, तर आमची गावे का नाही? विदर्भाच्या मातीत तर गाडगेबाबा फिरले. ते कीर्तनात लोकांनाच साधे साधे प्रश्न विचारत आणि उत्तरे लोकांकडूनच काढून घेत. उत्तर देता देता माणसाला स्वतःचीच चूक दिसायची. त्यात अपमान कोणाचाच होत नसे.

ती रीत मला आजही कामाची वाटते. म्हाताऱ्या ढिवरबाबाला ‘तू अडाणी आहेस’ असे म्हणू नका. त्याला विचारा, ‘‘बाबा, मागच्या पंधरा दिवसांत ती बाई किती वेळा भेटली? आणि त्यांतल्या किती दिवशी जाळे रिकामे आले?’’ त्याला मोजू द्या. मासे मोजणाऱ्या माणसाला मोजणे शिकवावे लागत नाही.

आणि आपण, जे डोंग्यावर जात नाही, त्यांनीही थोडे करावे. आठवडी बाजारात गेलात तर दिवसाची पहिली बोहनी अशा एखाद्या बाईच्या टोपलीपासून करा. घरच्या हळदी-कुंकवाला तिला बोलवा, ईदच्या शिरखुर्म्याला बोलवा. मच्छीमार संस्थेच्या सभेला जाणारे जे श्रोते असतील, त्यांना माझी एक विनंती आहे. पुढच्या सभेत सभासदांची यादी काढा. त्यातून कोणाकोणाच्या घरी कर्ता पुरुष गेला आणि त्याच्या जागी अजून कोणाचेच नाव लागलेले नाही, ते पाहा आणि तिचे नाव लिहा. त्याच सभेत डोंग्यांसाठी जाकिटे मागण्याचा अर्जही लिहा. दोन्ही कामांना मिळून एकच दुपार लागेल.